एक घाणा, न बोलता

३ मार्च, दुपार

चि. सूनबाई,
अनेक आशीर्वाद.

एवढं लिहून मी बराच वेळ पेन हवेत धरून बसलो. 'सूनबाई' हा शब्द आता तुला लागू पडतो की नाही, मला ठाऊक नाही. कोर्टाच्या कागदांप्रमाणे पडत नसावा. पण दुसरी हाक सुचेना, आणि तुझं नाव मी इतक्या वर्षांत एकदाही तोंडाने घेतलेलं नाही. घरात आलीस त्या दिवसापासून सूनबाई म्हणालो ते म्हणालोच. आता एकदम नावाने बोलावलं तर कुणातरी परक्या मुलीला हाक मारल्यासारखं वाटेल. तेव्हा जुनी सवय म्हणून चालवून घे.

रोज फोनवर असतो आणि पत्र कसलं, असं तुला वाटेल. पण फोनवर बोलायचं नाही हा नियम तूच घातलास, आणि तो बरोबरच आहे. आपण दोघं एकदा बोलायला लागलो की तुझ्या सासूबाईसुद्धा उठून झोपायला जायच्या. म्हणून जे साठतं ते इथे.

इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात. खालचा न्हावी गिऱ्हाईक नसलं की वर येऊन बसतो. माझ्या डोक्यावर त्याच्यासाठी काही काम उरलेलं नाही, तरी येतो, म्हणजे माणूस चांगला. काल आला तेव्हा आपला दुसरा घाणा चालू होता. फोन टेबलावर पालथा, आवाज मोठा केलेला, मी छापखान्याने पाठवलेल्या समुद्रपक्ष्यांच्या पुस्तकाच्या कच्च्या प्रतीत. तो तोंड उघडणार तेवढ्यात मी ओठांवर बोट ठेवलं. बिचारा स्टुलावर बसून राहिला. फोनमधून टिकटिक येत होती, मधूनच तुझं पान. शेवटी तुझ्या कोंबडीच्या घड्याळाने तो त्याचा कुर्र आवाज काढला, तू 'थांबू' म्हणालीस, मी 'थांबू' म्हणालो आणि फोन ठेवला.

"भांडण झालंय का?" न्हाव्याने विचारलं.

"नाही. काम करतो आम्ही."

"फोनवर? न बोलता?"

मग त्याला बसवून सगळं सांगितलं. की ही माझी सूनबाई, दुसऱ्या गावी औषधांच्या दुकानात सकाळी काउंटर सांभाळते आणि दुपारी परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करते. मागच्या वेळी परीक्षा आणि कोर्ट एकाच आठवड्यात आलं, परीक्षा राहून गेली. दुकानाच्या मालकांनी फार्मासिस्टची जागा तिच्यासाठी या निकालापर्यंत मोकळी ठेवली आहे, त्यापुढे ठेवणार नाहीत. आणि एकटीने पुस्तक उघडलं की या बाईला कपाट आवरावंसं वाटतं, गादीला ऊन दाखवावंसं वाटतं. समोर कुणी काम करत बसलेलं असलं तर मात्र मान खाली घालून वाचते. म्हणून फोन लावायचा, 'सुरू' म्हणायचं, घड्याळ वाजेपर्यंत दोघांनी आपापलं काम करायचं. मग पाय मोकळे करायचे, पाणी प्यायचं, आणि पुन्हा सुरू.

"घाणा का म्हणता?" त्याने विचारलं. ते तुझ्या सासूबाईंचं, म्हटलं. कढईत मावेल तेवढंच टाकायचं, ते नीट निघालं की तेल जरा तापू द्यायचं, मग पुढचं. घाईने सगळं एकदम टाकलं की सगळंच तेल पितं. हे त्या तळणाबद्दल बोलत होत्या की माझ्या कामाबद्दल, ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. तू ते अभ्यासाला लावलंस.

न्हावी सगळं ऐकून म्हणाला, "बोलायचंच नाही, तर दोघांनी आपापल्या घरी करा की. फोन कशाला?" मी म्हटलं, "तुझी गिऱ्हाइकं डोळे मिटूनच बसतात ना? मग आरसा कशाला लावलास?" जाता जाता दारातून म्हणाला, "पण अप्पा, तुम्ही ते पुस्तक वाचत होता की वारा घेत होता?" कुठला शब्द कोणत्या पानावर ते पुस्तकाच्या शेवटी लावायचं, त्या सूचीच्या कामातलं त्याला काय कळतं.

सूची ठीक चालली आहे. 'क' संपून 'ग' वर आलो. छापखान्याला घाई नाही, मलाही नाही.

तुमच्या दोघांच्या वाटणीच्या दिवशी चिरंजीव कपाटापासून कुकरपर्यंत एकेक वस्तू दाखवत होते आणि तू म्हणालीस, मला फक्त ती कोंबडी हवी. तेव्हा मला हसू आलं होतं. घंटी बिघडलेलं, मान पिळली की चालणारं स्वयंपाकघरातलं घड्याळ, ते काय कुणी मागतं. आता दुपारी माझ्याच फळीवरची टिकटिक दुसऱ्या गावाहून ऐकू येते तेव्हा वाटतं, तू बरोबर निवडलंस.

तुझी खोली मी पाहिलेली नाही, पण मला ती चांगली माहीत झाली आहे. टेबल खिडकीशी आहे, कारण वारा आला की आधी पानं फडफडतात आणि मग तू त्यांवर काहीतरी ठेवतेस. काचेचं असावं. दाराची कडी सैल आहे. लांब कुठेतरी पाणी पडत असतं, बारीक, एकसारखं. मागे बाग आहे आणि तिच्यात कारंजं आहे, असं मी ठरवून टाकलंय. इकडे ऊन टेबलावरून सरकत जमिनीवर उतरतं, डोळे जड होतात, आणि मग मी त्या खोलीत असतो. कोपऱ्यात नुसता उभा. तू पाठमोरी वाचत असतेस. भिंतींना रंग नसतो, कारण रंग ऐकू येत नाही. पाय न वाजवता मी कारंज्याकडे जायला निघतो, आणि तेवढ्यात कोंबडी कुरकुरते आणि मी पुन्हा आपल्या खुर्चीत येऊन पडतो. त्या घाण्यात माझं काम कमी होतं हे कबूल. पण दिवस बरा जातो.

चिरंजीवांचा फोन आला होता. ठीक आहेत. तिकडे थंडी आहे म्हणे. आणखी एक काहीतरी विचारत होते, ते पुढे कधी लिहीन.

जेवत जा. जेवण हा काही मधल्या सुट्टीत उरकण्याचा विषय नाही.

तुझा,
अप्पा

.

२१ मार्च

चि. सूनबाई,
आशीर्वाद. (मायना अजून तोच आहे. शोध चालू आहे.)

परवा फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "अप्पा, दुपारी फार झोप येते, काय करू?" आणि मी 'बघू' म्हणालो. बघून झालं. ऐक.

अवघड धडा जेवणानंतर घेऊ नकोस. तो सकाळी, दुकानात जायच्या आधी, डोकं कोरं असताना घे. पहिल्याच घाण्यात. दुपारी सोपं, हाताने करायचं काम ठेव, तक्ते, रेघा, नावं उतरवणं. आणि काम संपवून उठू नकोस. मी कधीही वाक्य पुरं करून टेबलावरून उठलो नाही. अर्धं सोडायचं. दुसऱ्या दिवशी बसलं की पेन्सिल आपली आपण पुढे चालते, आज कुठून सुरुवात करू म्हणून नखं चावत बसावं लागत नाही. तुझ्या सासूबाई म्हणायच्या, या माणसाने आयुष्यात एक वाक्य पुरं केलेलं नाही. त्यांना वेगळं म्हणायचं होतं.

आणि खरोखरच झोप आली तर झोप. जरा वेळ, खुर्चीतच. या समुद्रपक्ष्यांत एक आहे, दिवसचे दिवस पाण्यावरून उडतो आणि उडता उडताच झोपून घेतो. जमिनीवर उतरत नाही. मला त्याचं इतकं नवल वाटलं की ते पान माझ्याने उलटवेना. मी आणि तो बराच वेळ तसेच राहिलो, तो पाण्यावर, मी टेबलावर.

सूची 'ग' वर आहे. 'ग' मोठा आहे.

तुझी बरणीची युक्ती मीही उचलली. घाण्याच्या मध्ये भलता विचार आला की चिठ्ठीवर पेनाने लिहून बरणीत टाकायचा, म्हणजे तो गप्प बसतो आणि आपण कामाला लागतो. मी कॉफीची रिकामी बरणी घेतली. ती भरली. काल घाण्यानंतर चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या आणि वाचायला बसलो, तर सगळ्यांवर एकच. 'वाणसामान' नाही, 'विजेचा माणूस' नाही. एकच वाक्य, वेगवेगळ्या अक्षरात.

आता ते वाक्य इथे लिहायचं की नाही, म्हणून मी उठून खिडकीशी गेलो. खाली न्हावी एका माणसाची मान हळूच डावीकडे कलती करत होता. त्या माणसाचे डोळे मिटलेले होते. परत आलो.

तुझं पुस्तक हल्ली जाड कागदाचं आहे का? किंवा अक्षर फार बारीक, एका पानावर फार मजकूर, असं काही? म्हणजे पान संपायला वेळ लागतो, असं. विचारायचं कारण एवढंच, की हल्ली तुझी पानं उलटत नाहीत.

लिहून टाकलं.

आधी वाटलं, मलाच ऐकू येत नसेल. कान साफ करून घेतले. मग टिकटिक ऐकू येते, पाणी ऐकू येतं, तुझं खुर्चीतलं हलणंसुद्धा ऐकू येतं, फक्त पान नाही. घाणाभर नाही. कोंबडी वाजते, तू 'थांबू' म्हणतेस, आणि आवाज थकलेला असतो, काम केल्यावर थकतो तसा नाही, वाट बघून थकतो तसा. मला हा फरक कळतो. तुझा तो आवाज मी या घरात ऐकलेला आहे, चिरंजीव उशिरा यायचे तेव्हाचा.

काय झालंय? परीक्षा सोडलीस का? सोडली असशील तर मी रागावणार नाही, पण त्या जागेचं काय करणार, हे मला सांग. दुकानात काही बोलले का? की रडतेस? रडणं न वाजवता करता येतं, हेही मला माहीत आहे.

आता डुलकी लागली की ती तुझी खोली येते, पण कारंजं जवळ आलेलं असतं. पाणी दाराखालून आत येतं, टेबलाच्या पायांशी येतं. तू पाठमोरीच. तुझ्यावरून तो झोपलेला पक्षी जातो. मला हाक मारायची असते आणि कोणती हाक मारायची ते सुचत नाही, सगळं तिथेच अडतं.

चिरंजीवांचा पुन्हा फोन आला. "अजून रोज फोन असतो तिचा?" म्हणाले. मी म्हटलं, "असतो, पण आम्ही बोलत नाही." "मग कशाला?" अगदी न्हाव्यासारखंच. पण न्हाव्याने पुढे काही विचारलं नाही. यांनी विचारलं. ते आज लिहीत नाही.

पत्राचं उत्तर पत्रानेच दे. नियम मोडू नकोस.

तुझा,
अप्पा

.

२७ मार्च

ती. अप्पांना,
सा. नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. गुडघ्यांना तेल लावा, नुसतं त्यांचं ऐकत बसू नका.

आधी कारंज्याचं सांगते. ते कारंजं नाही. शेजारच्या गच्चीवरची टाकी रोज भरून वाहते आणि कुणी नळ बंद करत नाही. मागे बाग नाही, सायकलींचं शेड आहे. भिंती फिक्या हिरव्या आहेत, मला आवडत नाहीत. पानांवर ठेवते ती औषधाची रिकामी बाटली, ते काचेचं म्हणून बरोबर ओळखलंत. आणि मी पाठमोरी नसते. फोन मी समोर ठेवते, माझं तोंड तुमच्याकडेच असतं.

परीक्षा सोडलेली नाही. रडतही नव्हते. पानं उलटत नव्हते, कारण मी ऐकत होते.

अप्पा, मी तुमच्या घरात असताना रोज दुपारी स्वयंपाकघरातून तुमचं काम ऐकलंय. पान उलटायचं. मग बराच वेळ काहीच नाही. मग पेन्सिल. मग सूचीची चिठ्ठी त्या पत्र्याच्या डब्यात पडायची, टप्. कधी एका पानाला टप् टप् टप्, कधी पानंच्या पानं जायची आणि डबा गप्प. मी त्यावरून ओळखायची की आज पुस्तक चांगलं आहे की रटाळ आहे. आणि आता काय ऐकू येतं? नुसती पानं. एका मापाने, पंखा फिरावा तशी. पेन्सिल नाही. डबा नाही. असं कुणी सूची करत नाही, असं कुणी वाचतही नाही. न्हाव्याला एका फेरीत कळलं, मला कळायला इतके दिवस लागले.

पहिल्यांदा वाटलं, तुमचे डोळे गेले. मग वाटलं, हात थरथरत असेल, लिहिता येत नसेल आणि तुम्ही लपवताय. पुस्तक पुढ्यात उघडं आणि माझे कान तुमच्या टेबलावर. पेन्सिल वाजेल म्हणून वाट बघायची, कोंबडी वाजायची, 'थांबू'. एकही ओळ वाचलेली नसायची. शेवटी मी छापखान्यात फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, पक्ष्यांचं पुस्तक कधीच बाजारात गेलं, सूच्या आता मशीन करतं, अप्पांकडे बरेच महिने काही पाठवलेलं नाही.

मला फार राग आला. तुम्ही माझ्यासाठी काम असल्याचं नाटक करत होतात, आणि त्या नाटकापायी माझंच काम बुडत होतं. नंतर दुकानात गोळ्यांची पाकिटं लावताना राग गेला आणि तुम्ही त्या टेबलाशी बसून एकामागून एक पानं उलटताय, हे दिसायला लागलं. मग मला पाकिटं पुन्हा पहिल्यापासून लावावी लागली.

आता असं करू. सोबत एक गठ्ठा पाठवते आहे. माझ्या सगळ्या टिपणांच्या प्रती. औषधाचं नाव एका पानावर, त्याचे दुष्परिणाम भलत्याच पानावर, कशासोबत द्यायचं नाही ते तिसरीकडे. मला त्यात काहीही सापडत नाही. त्याची सूची हवी. खरी, पेन्सिलवाली. परीक्षेच्या आधी पाहिजे, उशीर झालेला चालणार नाही, आणि 'ग' वर बसून राहायचं नाही. मी इकडून डबा ऐकणार आहे.

परीक्षा झाली की एकदा येईन आणि कोंबडी परत तुमच्या फळीवर ठेवून जाईन. तुमच्या घरची वस्तू आहे, किती दिवस ठेवून घ्यायची.

मायना कोणता लिहायचा ते तुम्ही ठरवा. मलाही खाली काय लिहायचं ते सुचत नाहीये.

तुमची,

.

१४ एप्रिल, दुपारचा दुसरा घाणा झाल्यावर

चि.,

आज मायन्यात एवढंच. पुढचं पत्राच्या शेवटी येईल.

पकडला गेलो. त्याबद्दल आता काय बोलायचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकात कुठे काय आहे ते लिहिलं, आणि स्वतः सोंग घेताना पेन्सिल विसरलो. पानं वाजवायची एवढंच डोक्यात आलं. तुझ्या कानाला डबाही ठाऊक असेल, हे सुचलं नाही. त्या छापखान्यातल्या बाईंनी मला, यापुढे काम नाही, असं कळवलं त्या दिवशीच तुझा पहिला फोन आला होता, "अप्पा, दुपारी तुम्ही काम करताच, मी सोबत बसू का?" नाही कसं म्हणणार होतो?

गठ्ठा पोचला त्या दिवशी डबा धुऊन पुसून घेतला. पहिली चिठ्ठी टाकली, टप् वाजली, आणि फोनमधून तू खुदकन हसलीस. ते नियमात बसत नव्हतं, पण मी बोललो नाही. जरा वेळाने तुझं पान उलटलं. मग माझी पेन्सिल. मग पुन्हा तुझं पान, आणि लगेच आणखी एक. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा डुलकी लागली नाही. ऊन टेबलावरून उतरून गेलं ते मला दिसलंच नाही.

पक्ष्यांचं छापून आलेलं पुस्तक मी पुस्तकांच्या दुकानात जाऊन चाळलं. मशीनची सूची पाहिली. वाईट नाही. मला वाईट सापडेल अशी आशा होती, तेव्हा हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं ते खरं. फक्त 'झोप' या शब्दापुढे त्याने सगळी पानं एकत्र ओतली आहेत, घरट्यातली झोप आणि उडतानाची झोप एकाच ओळीत. त्याला त्यात फरक वाटला नाही.

तुझी सूची पुरी झाली. या पत्राबरोबर तीच आहे. कशी वापरायची ते सांगतो, कारण नुसती उशाशी ठेवून उपयोग नाही. पानांचे आकडे तळहाताखाली झाक. डावीकडचा शब्द वाच आणि गठ्ठा न उघडता त्याच्याबद्दल जे आठवतं ते मोठ्याने म्हण. हिरव्या भिंतींना सांग, आवडत नसल्या तरी. अडलीस तरच हात काढ आणि पान उघड. जे आलं त्यावर बारीक टिंब दे, उद्या त्याच्याकडे बघू नकोस, परवा बघ. जे अडलं ते उद्या पहिल्या घाण्यात. पुन्हा पुन्हा वाचून आपल्याला येतं असं वाटतं, ते वाटणं खोटं असतं. पुस्तक मिटल्यावर जे उरतं तेवढंच आपलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी एकच घाणा, तोही सकाळचा. मग फिरायला जा. त्या टाकीचा नळ बंद करून ये.

आता चिरंजीवांचं. टाळून टाळून किती टाळणार. त्यांनी विचारलं होतं, "बाबा, ती आता आपली कोण?" वाईट बुद्धीने नाही, खरंच कळत नसल्यासारखं. मी तेव्हा काही बोललो नाही. बोललो नाही याचं मला इतकं लागलं की ते तुला लिहायचं धाडस होईना. काल पुन्हा फोन आला, पुन्हा तेच. मी म्हटलं, "आम्ही सोबत काम करतो." ते म्हणाले, "म्हणजे काय?" मी म्हटलं, "म्हणजे तिचा फोन यायची वेळ झाली, मी ठेवतो." आणि ठेवला. मुलाचा फोन मी असा कधी ठेवला नव्हता.

आता राहिलेलं सांगतो, आणि ते सगळ्यात अवघड आहे, म्हणून खरं तर पहिल्या घाण्यात घ्यायला हवं होतं.

तू पास व्हावंस असं मला मनापासून वाटतं. आणि त्या दिवसाची मला भीती वाटते. दोन्ही खरं आहे. तू पास झालीस की ती जागा तुझी, दिवसभर दुकान, दुपार तुझी राहणार नाही. फोन कशाला करायचा, याला मग कारण उरणार नाही. सून म्हणून करावा, तर सून नाहीस. अभ्यासासाठी करावा, तर अभ्यास संपला. मी खोटी पानं उलटत होतो ती तुझ्या परीक्षेसाठी, असं मी स्वतःला सांगत होतो. ते अर्धंच खरं. टिकटिक बंद पडू नये म्हणूनही उलटत होतो.

तेव्हा कोंबडी परत आणू नकोस. माझ्या फळीवर ती गप्प बसेल. तुझ्याकडे असली की मला ऐकू येते. तू मात्र ये. येताना तिला पिशवीत घालून आण, दोन दिवस इथे टेबलाशी समोरासमोर बसून घाणे काढू, आणि जाताना घेऊन जा. आणि परीक्षेनंतर, जेव्हा कधी तुला वेळ होईल, दुकान मिटल्यावर, रविवारी, कधीही, फोन करत जा. काम नसलं तरी. बोलायचं नसलं तरी. मी काही ना काही शोधून ठेवीन, न्हाव्याच्या गिऱ्हाइकांची सूची करीन, पण खरी करीन.

शेवटी मायन्याचं. सूचीत एक सोय असते. एखादी गोष्ट आपल्या नावाने सापडणार नसेल तर तिच्यापुढे लिहायचं, 'पहा: अमुक'. वाचणाऱ्याने तिकडे जायचं. तुझी चिठ्ठी माझ्या डब्यात कित्येक महिने पडून होती. 'सून. पहा:' आणि पुढे कोरी. चिरंजीवांचं नाव लिहावं, तर तिथे आता तू नाहीस. 'लेक' लिहावं, तर ते ऐकायला गोड, पण तू कुणाची तरी लेक आहेस आणि ते तुझे वडील अजून खणखणीत आहेत. बरीच नावं लिहून पाहिली, खोडली. मग काल तुझ्या टिपणांची शेवटची चिठ्ठी डब्यात टाकली आणि माझ्या लक्षात आलं की मी नवशिक्यासारखी चूक करत होतो. जिच्याबद्दल इतका मजकूर आहे तिला 'पहा' लावत नाहीत. तिची स्वतंत्र नोंद असते.

जुनी चिठ्ठी फाडली. नवी केली. तिच्यावर फक्त तुझं नाव आहे, तू कुणामार्फत कोण ते काही नाही. पेन्सिलीने लिहिलंय, पण दाबून. या पाकिटात, सूचीच्या वर ठेवली आहे. ती आधी बघ.

परीक्षेच्या दिवशी फोन आत नेता येणार नाही. मी माझ्या जागी बसलेला असेन. तू संध्याकाळी फोन करशील तेव्हा मी तुला नावाने हाक मारणार आहे. आज न्हावी वर आला होता, त्याच्यासमोर एकदा म्हणून पाहिलं. तो म्हणाला, "कोण आलंय?" तेव्हा दचकू नकोस, माझाच आवाज असेल.

तू प्रश्नपत्रिका उलटशील तेव्हा इथून म्हटलेलं तुला ऐकू येणार नाही, म्हणून आत्ताच लिहून पाठवतो.

सुरू.

तुझा,
अप्पा